कार्ड किती, आणि कुणाच्या नावावर?

दिवाळीच्या आवराआवरीत माझ्याकडे पाच क्रेडिट कार्डं निघाली. दोन पर्समध्ये, एक टेबलाच्या खणात, एक पासबुकांच्या पिशवीत आणि एक चक्क जुन्या डायरीत खूण म्हणून घातलेलं. आदल्या दिवशी कुणी विचारलं असतं तर ‘दोन’ असं मी ठामपणे सांगितलं असतं.

ती आली कशी, हे आठवायला बसले. पहिलं पगाराच्या बँकेने दिलेलं, त्याला आता बरीच वर्षं झाली. दुसरं मॉलच्या दारात टेबल मांडून उभ्या असलेल्या एका मुलीकडून घेतलेलं. दिवसभर उभी होती बिचारी. महिन्याचं ‘टार्गेट’ पुरं व्हायला दोन अर्ज कमी पडत होते, मी सही केली. तिसरं भाचीच्या लग्नाच्या साड्या घेताना, दहा टक्के सूट मिळते म्हणून. चौथं ‘आयुष्यभर मोफत’ असं सांगून दुसऱ्या एका बँकेने गळ्यात मारलेलं. आणि पाचवं नवऱ्याच्या कार्डाला जोडलेलं, ज्याला बँकेच्या भाषेत ‘ॲड-ऑन’ म्हणतात. त्यावर नाव माझं, खातं त्याचं. पाचांपैकी एकही मी विचार करून, मला हवं म्हणून मागून घेतलेलं नव्हतं. बायकांनी आपले निर्णय आपण घ्यावेत यावर मी गावोगाव भाषणं करते, हेही इथे लिहायला हवं.

कार्ड म्हटलं की आपल्यातल्या जुन्या कार्यकर्त्यांना आधी रेशनकार्डच आठवतं. टाकलेल्या बायकांना स्वतंत्र रेशनकार्ड मिळावं म्हणून आपण कचेरीच्या पायऱ्या किती झिजवल्या! खिडकीपलीकडून एकच प्रश्न यायचा, ‘नवरा जिवंत आहे ना? मग त्याच्या कार्डात तुमचं नाव असेलच की.’ नाव असायचं, धान्य मात्र त्याच्या घरी जायचं. कार्डावर नाव असणं आणि कार्ड आपल्या नावावर असणं यातला फरक आपण तिथे शिकलो. पुढे २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने घरातल्या अठरा वर्षांवरील सर्वांत ज्येष्ठ बाईला रेशनकार्डापुरतं कुटुंबप्रमुख मानलं. मग हे दुसरं, प्लॅस्टिकचं कार्ड हातात आलं तेव्हा तोच प्रश्न विचारायला आपण कशा विसरलो?

कदाचित असं असेल, की क्रेडिट कार्ड हा आपल्याला आपला विषयच वाटला नाही. तो पैसेवाल्यांचा, चैनीचा विषय. आमच्या सल्ला केंद्रात हल्ली येणाऱ्या बायकांनी हा गैरसमज काढून टाकला आहे. त्यातल्या दोघींविषयी, त्यांच्या परवानगीने, नावं न देता सांगते.

पहिली आमची जुनी मैत्रीणच. अठरा वर्षं तिने घर ॲड-ऑन कार्डावर चालवलं. किराणा, औषधं, मुलांच्या फिया, सगळं. काटकसरीने, नेटकं. बिल नवऱ्याच्या खात्यातून परस्पर जायचं. नवरा गेला. मुलाने बँकेत मृत्यूचा दाखला दिला आणि कार्ड बंद झालं. बंद होणारच, कारण मुख्य खातंच संपलं. पण हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. मासिक श्राद्धाच्या आदल्या दिवशी ती किराणा दुकानात उभी होती, मागे रांग होती आणि मशीन दोनदा नाही म्हणालं. दुकानदार ओळखीचा, भला माणूस. ‘काकू, नंतर द्या,’ म्हणाला. ती सांगते, नवरा गेल्याचं खरं रडू त्या दिवशी दुकानातून घरी येताना आलं.

त्यानंतर फोन सुरू झाले. नवऱ्याच्या कार्डावर ८६ हजारांची बाकी होती. तिने घाबरून आणि त्याहून जास्त लाजेपोटी स्वतःच्या नावावरची ठेव मोडली आणि पैसे भरून टाकले. आम्हाला कळलं ते नंतर. नवऱ्याच्या कार्डावरचं कर्ज हे बायकोचं कर्ज नसतं. ती सहकर्जदार किंवा जामीन नसेल, तर मृताने मागे ठेवलेल्या मालमत्तेतून आणि तिच्यापुरतंच ते वसूल करता येतं. बायकोच्या स्वतःच्या ठेवीवर त्याचा हक्क पोचत नाही. ॲड-ऑन कार्डाची जबाबदारी मुख्य कार्डधारकाची, हे रिझर्व्ह बँकेच्या नियमांतही स्पष्ट लिहिलेलं आहे. फोनवरचा माणूस हे सांगत नाही. तो ‘कुटुंबाची इज्जत’ म्हणतो.

मग तिने स्वतःसाठी कार्ड मागितलं. बँकेतला मुलगा संगणकात बघून म्हणाला, ‘मॅडम, तुमची काही हिस्टरीच नाही.’ अठरा वर्षं एकही बिल चुकलं नव्हतं, पण ती सगळी नोंद नवऱ्याच्या खाती जमा झाली होती. बाईला इतिहास नाही, हे वाक्य आपण आजवर वेगवेगळ्या संदर्भांत ऐकलं आणि त्यावर परिसंवादही घेतले. ते बँकेच्या काउंटरवरही ऐकावं लागेल असं वाटलं नव्हतं.

दुसरीची गोष्ट अगदी उलटी आहे. तिच्याकडे इतिहास होता, नोकरी होती, पगार दर महिन्याला खात्यात पडत होता. नवऱ्याची पत मात्र धंद्यातल्या उधारीने गेलेली. म्हणून तिच्या नावावर एक कार्ड घेतलं, मग दुसरं, मग पहिल्याचं बिल भरायला तिसरं, आणि चौथं कधी आलं ते तिला नीट सांगता येत नाही. कार्डं त्याच्या पाकिटात असायची. तिच्याकडे फक्त मोबाइल. कामाच्या मध्येच फोन यायचा, ‘ओटीपी सांग.’ ती सांगायची. पूर्वी कागद पुढे करून ‘इथे सही कर’ म्हणायचे, आता सहा आकडे मागतात. कागदावर निदान मजकूर तरी असायचा! त्या मेसेजमध्ये रक्कमही लिहिलेली असते, पण घाईत तेवढं वाचू देतो कोण?

आज ती माहेरी आहे आणि चार कार्डांची तीन लाखांवर गेलेली बाकी तिच्या नावावर आहे. इथे कायदा तिच्या बाजूने फारसा बोलत नाही. आपण होऊन ओटीपी दिला की बँकेच्या लेखी तो व्यवहार आपला. कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात (२००५) आर्थिक छळ हा हिंसेचाच प्रकार मानलेला आहे, त्याखाली नवऱ्याकडे दाद मागता येते, आणि ती आम्ही मागतो आहोत. पण तोपर्यंत व्याज थांबत नाही. वसुलीचे फोन तिच्या कामाच्या ठिकाणी जात होते, रात्रीही येत होते. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीसाठी फोन करायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये बजावलं आहे. ती तारीख-वेळ लिहून ठेवू लागली, तक्रार लेखी दिली, तेव्हा रात्रीचे फोन थांबले. बँकेने तीस दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्याला पैसे पडत नाहीत.

या दोघी एकाच महिन्यात केंद्रात आल्या. एकीकडे स्वतःचं एकही कार्ड नव्हतं, दुसरीकडे चार होती. आणि दोघींच्या हातात काहीच नव्हतं. म्हणून माझी पाच कार्डं टेबलावर मांडून मी जेव्हा ‘किती ठेवायची?’ असा विचार करू लागले, तेव्हा आकडा ठरवण्याआधी प्रत्येक कार्डापुढे तीन गोष्टी लिहिल्या: खातं कुणाचं, मेसेज कुणाच्या मोबाइलवर येतो, बिल कोण वाचतं. लिहिताना माझंच तोंड उतरलं.

मेसेजचंच बघा. ॲड-ऑनवर मी काहीही घेतलं की नवऱ्याच्या मोबाइलवर टिंग वाजतं. आमच्यात भांडण नाही, तो कधी विचारत नाही. तरी माझ्या लक्षात आलं, की एका मैत्रिणीला अडचणीत दिलेले पैसे, संस्थेची देणगी, स्वतःसाठी घेतलेली थोडी महाग चप्पल हे सगळं मी वर्षानुवर्षं रोखीने करत आले आहे. कुणी मनाई न करता मी स्वतःलाच मनाई केली होती. हे कार्ड परत करते म्हटल्यावर तो थोडा दुखावला. ‘मी कधी अडवलं का तुला?’ खरंच नाही अडवलं. पण न अडवणं हेही त्याच्याच हातात राहिलं होतं ना? दोन दिवस घरात जरा गप्प गप्प गेले, मग त्यानेच अर्ज भरून दिला. मुख्य कार्डधारक तोच ना!

आता व्याजाबद्दल. इथे माझी स्वतःची चूक सांगते, म्हणजे उपदेशाचा अधिकार निदान त्या चुकीपुरता तरी मिळेल. मॉलमधल्या त्या कार्डावर घराच्या दुरुस्तीचे ५०,००० रुपये गेले. बिलात दोन आकडे होते, ‘एकूण देय’ आणि ‘किमान देय’. मी आपली किमानाच्या आसपास, अडीच हजार रुपये दर महिन्याला भरत राहिले, बचत गटाचा हप्ता भरावा तशी, प्रामाणिकपणे, तारखेच्या आधी. सात-आठ महिन्यांनी पाहिलं तर बाकी जवळपास होती तिथेच. मग कागद-पेन्सिल घेतली. महिन्याला साडेतीन टक्क्यांनी पन्नास हजारांवर १,७५० रुपये व्याज. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, ३१५ रुपये. झाले २,०६५. माझ्या अडीच हजारांतून पहिल्या महिन्यात मुद्दल फिटलं ते ४३५ रुपये! शिवाय पूर्ण बाकी फेडेपर्यंत नवीन खरेदीला ते पंचेचाळीस-पन्नास दिवसांचं बिनव्याजी कौतुकही मिळत नाही, खरेदीच्या दिवसापासून व्याज लागतं. आणि कार्डाने रोख रक्कम काढली तर बाकी असो-नसो, पहिल्या दिवसापासून.

साडेतीन टक्के महिना म्हणजे वर्षाला बेचाळीस. आपल्या गटांत आपण आपसांत दोन टक्क्यांनी कर्ज देतो आणि त्यावरही वाद घालतो की हे जास्त होतं. सावकारीविरुद्ध आपण मोर्चे काढले. वर्षाला ३० टक्क्यांहून जास्त व्याज लावणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असा निकाल राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो रद्द केला. तेव्हा वरची मर्यादा आपल्यालाच घालून घ्यावी लागणार आहे, आणि ती एकच आहे: एकूण देय रक्कम पूर्ण भरायची. नाही जमली तर त्या कार्डावर नवी खरेदी थांबवायची आणि गटातून, पतपेढीतून, जिथून कमी व्याजात मिळेल तिथून काढून ते आधी फेडायचं. बँकेला परस्पर रक्कम कापायला सांगणार असाल तर अर्जावर ‘किमान’च्या चौकटीत खूण झालेली नाही ना, हे स्वतः बघा.

शेवटी मी दोन कार्डं ठेवली. एक सर्वांत जुनं, पगाराच्या बँकेचं. खातं जितकं जुनं आणि नियमित, तितकी पतीच्या नव्हे, आपल्या पतीची म्हणजे पतपेढीतल्या ‘पत’ची नोंद चांगली (मराठीने इथे गंमतच करून ठेवली आहे). दुसरं ‘आयुष्यभर मोफत’वालं, कमी मर्यादेचं. ते घरी वेगळ्या जागी असतं. एक हरवलं, अडलं, बंद करावं लागलं तर रात्री दोन वाजता हॉस्पिटलच्या काउंटरवर अनामत भरायला दुसरं हवं, यापलीकडे त्याचं काम नाही. अधूनमधून त्यावर वाणसामान घेते, कारण वर्षाहून अधिक काळ न वापरलेलं कार्ड बँक कळवून बंद करू शकते. दोन बिलं, दोन तारखा. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर गॅस आणि दुधाच्या शेजारी लिहिलेल्या. तिसरी तारीख माझ्याच्याने सांभाळली जात नाही, हे मला पाच कार्डांनी शिकवलं.

बाकीची बंद करणं हे मात्र एक प्रकरणच झालं. साड्यांच्या दुकानाचं कार्ड बंद करायला फोन केला तर पलीकडची मुलगी आधी म्हणाली मर्यादा वाढवून देते, मग वार्षिक शुल्क माफ करते, मग तिचे वरिष्ठ आले आणि म्हणाले, ‘मॅडम, घरी एकदा साहेबांशी बोलून घ्या ना.’ कार्ड माझं, सही माझी, बिल मी भरते, आणि बंद करायला साहेब! त्यांना मी नियम वाचून दाखवला. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार, बाकी नसेल तर अर्ज केल्यापासून सात कामाच्या दिवसांत कार्ड बंद करावं लागतं, नाहीतर उशिराच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. चार दिवसांत बंद झालं. याच निर्देशांत असंही आहे, की न मागता कार्ड गळ्यात मारता येत नाही, आणि मारून वर पैसे लावले तर ते परत करून दुप्पट दंड भरावा लागतो. मात्र एक सांगते, सगळी एकदम बंद करू नका. एकूण मर्यादा अचानक घटली की वापर जास्त दिसतो आणि सिबिलचा आकडा उतरतो. हा आकडा ३०० ते ९०० मध्ये असतो. सिबिलसारख्या चार कंपन्या आपली नोंद ठेवतात आणि प्रत्येकीकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो. तो मागवा. आमच्या केंद्रातल्या दुसऱ्या बाईला आपल्या नावावर चार कार्डं आहेत हे नक्की कळलं ते त्या अहवालावरून.

हे सगळं संपादकीय बैठकीत वाचून दाखवल्यावर आमच्यातली सर्वांत तरुण मैत्रीण उसळली. ‘ताई, माझ्याकडे सहा कार्डं आहेत. एक रुपया व्याज भरलेलं नाही. पॉइंटांवर मी आईला विमानाने केरळला नेऊन आणलं. तुम्ही बायकांना पुन्हा घाबरवताय.’ तिचं म्हणणं मी खोडून काढू शकले नाही. तिचा पगार नियमित आहे, तिचा मोबाइल तिच्याच हातात असतो आणि सहा कार्डांचा तक्ता तिने मला दाखवला, तो आमच्या संस्थेच्या हिशेबापेक्षा स्वच्छ होता. तिच्यासाठी सहा बरोबर असतील. दुसऱ्या टोकाला आमच्या एक ज्येष्ठ कार्यकर्त्या, त्यांच्या मते एकही नको. ‘अंथरूण पाहून पाय पसरावेत.’ मी म्हटलं, माई, पण अंथरूण दुसऱ्याच्या नावावर असेल तर? त्या हसल्या, पण मत काही बदललं नाही. त्यांनी आयुष्य खादीच्या पिशवीत मावेल एवढ्यात काढलं, त्यांना ते शोभतं. अमेरिकेतल्या बायकांना मात्र नवऱ्याच्या सहीशिवाय स्वतःच्या नावावर कर्ज आणि कार्ड मिळावं म्हणून लढावं लागलं. तिथे लग्न आणि लिंग यावरून कर्ज नाकारायला बंदी करणारा कायदा झाला तो १९७४ मध्ये, ज्या वर्षी आपल्याकडे ‘टुवर्ड्‌स इक्वॅलिटी’ अहवाल पुरा झाला. जे मिळवायला बायका लढल्या ते नकोच म्हणताना मला जरा जड जातं.

आणि जिचं उत्पन्नच कागदावर नाही, तिचं काय? माझ्या त्या मैत्रिणीने उरलेल्या पैशांतून एक छोटी मुदत ठेव केली आणि त्या ठेवीच्या तारणावर कार्ड घेतलं. असं कार्ड बऱ्याच बँका देतात, त्याला पगाराचा दाखला लागत नाही. मर्यादा ठेवीपेक्षा थोडी कमी असते. ठेवीवर व्याज चालू राहतं, आणि दर महिन्याला बिल पूर्ण भरलं की नोंद तिच्या स्वतःच्या नावाने जमू लागते. अट एवढीच, की बाकी थकली तर बँक ठेवीला हात लावते. तिची मर्यादा ३६ हजार आहे. पहिलं बिल आलं ते १,१४० रुपयांचं, औषधं आणि एक छत्री. ते भरून तिने मला फोन केला. अठ्ठावन्नाव्या वर्षी तिची ‘हिस्टरी’ सुरू झाली.

तर मैत्रिणींनो, महिन्याच्या चौथ्या शनिवारी दुपारी तीन वाजता आपण कार्यालयात याच कामासाठी बसणार आहोत. आपापल्या घरातली सगळी कार्डं शोधून काढा, नवऱ्याच्या पाकिटात असलेली तुमच्या नावाचीसुद्धा. शेवटचं बिल आणा. आणि चष्मा विसरू नका, व्याजाचा दर फार बारीक अक्षरांत छापलेला असतो.